निळ्या बादलीचं मत

१

'सदस्य वॉल्वमन. कायमची बंदी. कारण: दुसरं खोटं खातं उघडून स्वतःलाच मत दिलं.'

एवढीच ओळ. ती बारकीला तोंडपाठ होती. एवढ्याशा ओळीने तिचा धडधाकट बाप पाच महिन्यांत संपवला होता.

बारकी म्हणजे बत्तीस वर्षांची, उंचीने बापाच्याही वर गेलेली बाई. आठ महिन्यांच्या मुलीची आई. पण घरात पडलेलं नाव पडलं ते पडलंच. तिच्या बाबांनी पाणीखात्यात छत्तीस वर्षं वॉल्व फिरवले. निवृत्त झाले आणि नगरकोशात शिरले. नगरकोश म्हणजे गावातल्या लोकांनीच मिळून इंटरनेटवर लिहिलेला गावाचा कोश. कोणीही यावं, पान लिहावं, दुसऱ्याचं सुधारावं. या सगळ्यांवर पाच प्रचालक. त्यांच्याकडे चार जास्तीची बटणं: पान वगळायचं, पानाला कुलूप लावायचं, सदस्यावर बंदी घालायची, आणि वगळलेलं पान उघडून वाचायचं, किंवा परत आणायचं. दर दोन वर्षांनी प्रचालकाने सगळ्यांसमोर उभं राहून कौल मागायचा, असा नियम.

बाबा प्रचालक होते. तीन वर्षांपूर्वी, एका बुधवारी, त्यांच्या कौलाच्या पानावर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एक मत पडलं. 'वॉल्वमन यांनीच प्रचालक राहावं.' खाली सही: निळी_बादली. या बादलीच्या नावावर कोशात तेवढं एकच मत दिसत होतं, दुसरं काही नाही. बाबांनी स्वतः त्याच पानावर दोन वाजून सहा मिनिटांनी लिहिलं होतं. तपासलं, तर दोन्ही खाती एकाच घरातल्या जोडणीवरून. लोक हसले. पाणीखात्यातला माणूस, त्याला बादलीशिवाय दुसरं काय सुचणार?

"बारके, तुझी शपथ," बाबा त्या संध्याकाळी फोनवर म्हणाले होते, "ही बादली माझी नाही."

बारकीने विश्वास ठेवला. म्हणजे ती बादली दुसऱ्या कोणीतरी बाबांच्या डोक्यावर उपडी केली होती. तो कोण, हे शोधायला तिने अडीच वर्षं घातली. 'दुपारपाळी' नावाने कोशात आली. आधी पोट सावरत, मग बाळाला एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताने लोकांच्या चुका दुरुस्त करत राहिली. सगळ्यांशी गोड बोलली. आणि गेल्या आठवड्यात एक्केचाळीस विरुद्ध तीन मतांनी प्रचालक झाली. दुपारपाळी कोणाची मुलगी, हे कोणालाच माहीत नव्हतं. लोकांनी लिहिलं, 'आता जबाबदारी वाढली हं!'

वाढली होतीच. बंदीचं बटण आता तिच्या हाताखाली होतं आणि ओळ तयार होती. तीच ओळ. फक्त पहिल्या जागी दुसरं नाव टाकायचं होतं.

संशयित तिघं. नकाशेवाला, ज्याने तक्रार केली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, जो घरातलंच इंटरनेट वापरायचा. आणि ग्रंथपालबाई, ज्यांनी तपासणी केली आणि बंदीही घातली.

"कशाला उकरतेस?" आई म्हणाली. बाळंतपणापासून बारकी आईकडेच होती. आईने तीस वर्षं परीक्षांवर पर्यवेक्षण केलेलं. ती खोलीत असली की शेजारच्याच्या पेपरात डोकवायची कोणाची छाती नव्हती. "गेलेल्या माणसाला आता कोण पास-नापास करणार आहे?"

"मी करणार आहे. त्याला नाही, दुसऱ्याला," बारकी म्हणाली, आणि बाळाला आईच्या मांडीवर ठेवून बाहेर पडली.

२

नकाशेवाल्याचं टेबल दार काढून ठेवल्याएवढं मोठं होतं. त्यावर गावातल्या गटारांचा नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार चहाचे कप.

"ये गं बारके. बाळाला आणलं नाहीस?"

"झोपलंय. काका, सरळ विचारते. निळी बादली तुमची?"

तो आधी चष्म्यावरून बघत राहिला, मग खो-खो हसला. "म्हणजे मी तुझ्या बापाला मत दिलं? मी? अगं, हात झडला असता माझा!"

"तुम्ही आमच्याकडे यायचात. आमच्याच नेटला लॅपटॉप जोडून बसायचात."

"यायचो. तुझी आई चहा द्यायची आणि तुझा बाप कुलूप द्यायचा! माझ्या नदीकाठच्या नकाशाला कुलूप लावलं त्याने. का, तर म्हणे पाइपलाइन तीन मीटर डावीकडे आहे. त्यानंतर कौल होईपर्यंत महिनाभर मी तुमचा उंबरा चढलो नव्हतो. विचार आईला."

"पण तक्रार तुम्हीच केलीत."

"केली. आनंदाने केली. पुन्हा करेन." त्याने हसणं आवरलं. "पण एक सांगू? कौल बघितलायस? अडतीस बाजूने, बारा विरुद्ध. जिंकत होता तो. एका मताची त्याला गरजच नव्हती. मग ते एक मत टाकणाऱ्याला काय हवं होतं?"

हे बारकीला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. आजवर तिने बाबांचा कोणी अतिउत्साही हितचिंतकही संशयात धरला होता, ज्याने गाढवपणा केला आणि मग भिऊन तोंड शिवून घेतलं.

"ते मत त्याला वाचवायला नव्हतं गं," नकाशेवाला म्हणाला. "पकडून द्यायला होतं. शत्रू शोध. आणि रांगेत उभी राहा, कारण रांग लांब आहे. तुझा बाप महिन्याला चाळीस पानं उडवायचा. प्रत्येक पानामागे कोणीतरी रुसून बसलेलं असतं."

३

भाडेकरू आता दुसरीकडे राहायला गेला होता. तो दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. बारकी गेली तेव्हा त्याच्या समोर अकरा जबडे ओळीने मांडलेले, सगळे तिच्याकडे बघून हसणारे.

"ताई, मी खोटे दात करतो," तो म्हणाला, "खोटी खाती नाही. बुधवारी दोन दहाला मी इथेच असणार. मालक अंगठा घेतो आत येताना आणि बाहेर जाताना. यंत्र काढून दाखवू?"

त्याने खरंच दाखवलं. त्या बुधवारी सकाळी नऊला आत, संध्याकाळी सहाला बाहेर. एक संशयित गळला. बारकी उठली.

"पण ताई," तो एका कवळीवरून ब्रश फिरवत म्हणाला, "एक गोष्ट मी कोणाला बोललो नाही. बरं दिसलं नसतं."

"बोला."

"दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मला सुट्टी होती. तुमचे बाबा दुपारी वर आले. कधी यायचे नाहीत. पलंगाच्या कडेवर बसले. पाणी दिलं, ते हातातच धरून ठेवलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, 'चूक माझीच आहे रे.' आणि उठून गेले."

"म्हणजे त्यांनी कबूल केलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही. मी दात बघतो, मनं नाही."

ती रस्त्यावर आली. बुधवारी लेकीची शपथ घेणारा माणूस गुरुवारी 'चूक माझी' कशी म्हणेल? दोन्हींपैकी एक खोटं होतं. आणि बाबा तिची खोटी शपथ घेणार नाहीत, यावर तिने अडीच वर्षं उभी केली होती.

४

ग्रंथपालबाई परत आलेल्या पुस्तकांतून लोकांनी विसरलेल्या खुणा काढत होत्या. बसची तिकिटं, केसांची पिन, एक औषधाची चिठ्ठी.

"मी दुपारपाळी," बारकी म्हणाली.

"अरे वा! या, या. अभिनंदन."

"आणि वॉल्वमनची मुलगी."

बाईंच्या हातातली पिन टेबलावर पडली. त्यांनी ती उचलली नाही.

"हे तुम्ही कौलाच्या वेळी सांगायला हवं होतं."

"हवं होतं. तुम्हीही बंदी घालण्याआधी विचारायला हवं होतं."

"विचारलं होतं." बाईंचा आवाज कोरडा झाला. "बुधवारी त्यांनी चर्चेच्या पानावर अकरा उत्तरं दिली. एकाहून एक तिखट. गुरुवारी सकाळीही दोन. दुपारनंतर एकही नाही. मी तीनदा लिहिलं, तुमची बाजू मांडा. शनिवारपर्यंत वाट बघितली. गप्प बसलेल्या माणसाची बाजू मी कशी मांडणार? मौन म्हणजे कबुली, असं धरलं."

"गुरुवारी दुपारी काय झालं?"

"मला काय माहीत?" बाई थांबल्या. "हां, एक झालं. अधिकार काढेपर्यंत बटणं त्यांच्याकडेच होती. चौकशी चालू असताना प्रचालकाने बटणांना हात लावायचा नसतो. आपल्या भांडणात तर कधीच नाही. हा आपला पहिला नियम. त्यांनी लावला. गुरुवारी दुपारी एक जुनं वगळलेलं पान परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पुन्हा वगळलं. नियमच आहे."

"कोणतं पान?"

"आता कसं आठवेल? कपडे धुण्याबद्दल काहीतरी."

"वाचलं होतंत?"

ग्रंथपालबाईंनी पहिल्यांदाच नजर खाली केली. आयुष्यभर लोकांना वाचा म्हणून सांगणारी ती बाई हळूच म्हणाली, "नाही."

५

दुपारी बाळ झोपलं. आतल्या खोलीत आई तिला हातावर घेऊन झुलत्या खुर्चीत बसली होती, कारण गादीवर ठेवलं की पोर डोळे उघडायची. बारकीने लॅपटॉप उघडला.

वगळलेल्या पानांची यादी सगळ्यांनाच दिसते, नुसती नावं. बाबांच्या नावापुढची हजारो नावं बारकीने पूर्वी कितीदा तरी चाळली होती. पण पान कोणी लिहिलं आणि आत काय होतं, हे फक्त प्रचालकाला दिसतं. तिने गुरुवारची तारीख शोधली. पानाचं नाव होतं 'हॉस्पिटलची धुलाईखोली'. त्याखाली तीन नोंदी.

वगळलं: वॉल्वमन. कौलाच्या आठ महिने आधी. पान तयार झाल्यावर सहा मिनिटांत. कारण: क्षुल्लक.

परत आणलं: वॉल्वमन. गुरुवार, दुपारी एक वाजता. कारण: चूक माझी. पान राहू द्यावं.

वगळलं: ग्रंथपाल. शुक्रवार. कारण: चौकशीदरम्यानची कृती उलटवली.

तिने पान उघडलं. वर लेखकाचं नाव आलं.

निळी_बादली.

बारकी खुर्चीत मागे सरकली. एका दमात सगळं उलगडायला लागलं. बादलीचं खातं कौलासाठी उघडलेलंच नव्हतं. ते आठ महिने जुनं होतं. त्याने एक पान लिहिलं होतं आणि ते बाबांनीच उडवलं होतं, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला ते खातं कोरं दिसत होतं. स्वतःसाठी खोटं खातं उघडणारा माणूस त्याच खात्याचं पान सहा मिनिटांत 'क्षुल्लक' म्हणून फेकत नाही. बाबा निर्दोष होते. दहा मिनिटांचं काम होतं हे, आणि बाकीच्या चारांपैकी एकाही प्रचालकाने केलं नव्हतं.

बाबांनी मात्र केलं होतं. गुरुवारी दुपारी, बटणं हातात असताना. त्यांनी बादलीची वगळलेली पानं बघितली आणि ते गप्प झाले.

का? तिने खाली वाचायला घेतलं.

'मागच्या अंगणात दोन हौद आणि एक बॉयलर. बारा बायका. रक्ताच्या चादरी निळ्या बादलीत वेगळ्या भिजवायच्या, त्या बादलीला दुसरं काही लावायचं नाही. नव्या बाळांची दुपटी शेवटी, सगळ्यात स्वच्छ पाण्यात. यंत्र आल्यावरही ती हातानेच धुतली, कारण यंत्राने कापड टोचरं होतं असं मुख्य धुणारणीचं म्हणणं. ती तिथे सव्वीस वर्षं होती. तिच्या हातांची कातडी कोपरापर्यंत पांढरी पडली होती. तिच्या मुलीला शाळेत साबणवाली म्हणायचे.'

कोपरापर्यंत पांढरे हात. लहानपणी बारकी त्या हातांना भ्यायची, आणि त्याच हातांवर झोपायची. ते आजीचे हात होते. आईच्या आईचे.

बुधवारी दुपारी दोनला भाडेकरू प्रयोगशाळेत होता. नकाशेवाला महिनाभर आला नव्हता. घरात बाबा होते, आणि आणखी एक माणूस. त्या माणसाला कॉम्प्युटर येत नाही असं सगळे धरून चालले होते. कोणी कधी विचारलं नव्हतं.

आतल्या खोलीतून खुर्चीचा आवाज येत होता. कर्र, कर्र. मग तो थांबला.

"सापडलं वाटतं," आई म्हणाली.

६

बारकी दारात उभी राहिली. आईच्या डाव्या हातावर बाळाचं डोकं, तोंड अर्धवट उघडं.

"हळू बोल," आई म्हणाली. "आत्ता डोळा लागलाय."

"तू केलंस."

"मी केलं."

"का?"

"वाचलंस ना पान? त्याच्या पासष्टाव्या वाढदिवसाला लिहिलं होतं. चोरून शिकले, चोरून लिहिलं. म्हटलं, त्याने कोशात बघावं आणि ओळखावं, हे माझ्या बायकोने लिहिलं. चहाला उकळी यायच्या आत उडवलं त्याने. आणि जेवताना हसत मला सांगितलं, 'आज कोणीतरी धुणाऱ्या बायकांवर पान केलं होतं. असलं घ्यायला लागलो तर कोश कशाला म्हणायचं?' मी वाढत होते."

"मग तेव्हाच सांगायचंस ना, की माझं आहे!"

"का सांगू? जावई होता तो तिचा. तुझ्या जन्माच्या वेळी तिने धुतलेल्या दुपट्यात तुला उचललं त्याने. एवढं लिहून त्याला सासू ओळखता येईना? गावातला एकेक नळ दिसला त्याला. त्या नळाखालचे हात दिसले नाहीत. क्षुल्लक!"

बाळ हललं. आईने आवाज गिळला, दोनदा थोपटलं, खुर्ची पुन्हा झुलवली आणि मग सांगू लागली, परीक्षेच्या आधी सूचना वाचून दाखवावी तशी.

"नियम पाठ केले मी. आठ महिने वाट बघितली. दोन पेपर सारखे आहेत म्हणून कॉपी पकडली जात नाही, बारके. दोघं शेजारी बसलेले असतात म्हणून पकडली जाते. तर मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने लिहिलं, चार मिनिटं थांबले, आणि मत दिलं. बटणं जावीत एवढंच..." ती थांबली. "नाही, खोटं कशाला बोलू. मला तो सगळ्यांसमोर पुसला जायला हवा होता. मरण नव्हतं मागितलं. बाकी सगळं मागितलं होतं."

बारकीला आईचा गळा धरावासा वाटला. पण त्या गळ्यापासून वीतभर अंतरावर तिचं बाळ झोपलं होतं.

"एकच राहून गेलं," आई म्हणाली. "त्याला कळायला हवं होतं, कोणी केलं आणि का. ते न कळताच गेला. तेवढ्यासाठी माझा जीव अजून जळतो."

आता बारकीच्या लक्षात आलं, की आपल्या हातात बंदीच्या बटणाहून धारदार काहीतरी आहे. न सांगितलं तर ते कायमचं आपल्यापाशी राहील. अडीच वर्षं तिने या क्षणासाठी काढली होती. तिने एकेक शब्द नीट ठेवला.

"त्यांना कळलं होतं, आई."

खुर्ची थांबली.

"गुरुवारी. दुपारी एक वाजता. त्यांनी तुझं पान शोधलं, वाचलं आणि परत आणलं. 'चूक माझी,' असं लिहिलं. नियम मोडून. नंतर एक शब्द बोलले नाहीत, कारण बोलले असते तर तू पकडली गेली असतीस. बंदी अंगावर घेतली. पाच महिने तुझ्यासमोर जेवले. सगळं माहीत असून."

आई रडली नाही. रडली असती तर बारकीला बरं वाटलं असतं. आई फक्त बोटांवर दिवस मोजल्यासारखं काहीतरी करत राहिली.

"शुक्रवारपासून," ती शेवटी म्हणाली, "स्वतःच्या चादरी स्वतः धुवायला लागला होता. हाताने. मोरीत बसून. मी म्हटलं, मशीन आहे ना. तर नको म्हणाला. मला वाटलं, या नाचक्कीने खचलाय, आता त्याला माझ्या हातचं काही नको." तिने बारकीकडे पाहिलं. "मी त्याला एकदाही विचारलं नाही गं."

तिने बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"लिही," आई म्हणाली.

"काय?"

"कबुली. लेखी घेतात. माझ्या बादलीच्या खात्यावरही तेव्हाच बंदी आली, मला लिहिता येणार नाही. मी सांगते, तू लिही. सगळ्यांना दिसेल अशा पानावर. माझ्या नावानिशी."

बारकीने लॅपटॉप आतल्या खोलीत आणला. आई सांगत गेली. तारीख, वेळ, चार मिनिटं, हेतू. स्वतःला एकाही वाक्यात सूट दिली नाही. मध्ये बारकीने एकदा 'रागाच्या भरात' असं घातलं, तर आईने वाचायला लावलं आणि म्हणाली, "ते काढ. आठ महिने कोणाला भर राहत नाही."

खाली बारकीने स्वतःचं लिहिलं. वॉल्वमनची मी मुलगी आणि बादलीची मी मुलगी. हे लपवून मी तुमचा कौल मिळवला. तो परत घ्यायचा असेल तर घ्या. वॉल्वमन यांच्यावरची बंदी उठवावी, ते हयात नसले तरी. धुलाईखोलीचं पान परत आणायचं बटण माझ्याकडे आहे, पण हे माझ्या घरचं भांडण आहे, म्हणून मी ते दाबणार नाही. ग्रंथपालबाईंनी दाबावं. यावेळी वाचून.

तिने 'जतन करा'वर टिचकी मारली.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"मग हिला घे आता. हात पार बधिर झालाय माझा."

बाळ त्या हातावर गाढ झोपलं होतं. आईची बोटं पांढरी पडली होती. बारकीने लॅपटॉप बाजूला ठेवला, पण ती उठली नाही.

"थांब जरा," ती म्हणाली.

आईने मान हलवली, आणि हात तसाच धरून ठेवला.